दुर्बिणीचे स्क्रू

हमीद, मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना तुझ्यासारखा मित्र मिळालेला नसणार. तुला माती देऊन परतलो त्या दिवशी एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून मी धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंत रडत आलो. शेजारच्या बाईने शेवटी विचारलं, मास्तर, घरचं कुणी गेलं का? मी हो म्हणालो. तेव्हा राग नव्हता. राग आला तो पुढच्या रविवारी, तुझ्या घरात, पडद्याआडून भाभी बोलल्या तेव्हा. तो अजून उतरलेला नाही आणि ज्याच्यावर काढायचा तो जाऊन निजलाय. म्हणून लिहायला बसलो. तू वाचणार नाहीस हे कळतं मला. जिवंतपणी तरी माझं लिहिलेलं कुठे पुरतं वाचायचास? "मास्तर, तुझं वाक्य सुटतं धुळ्याहून आणि पोचतं साक्रीला," म्हणायचास आणि कागद घडी करून परत द्यायचास.

एका बाकावरचे आपण. मी शिकून पिंपळनेरच्या शाळेत मास्तर झालो, तू धुळ्यात वडिलांच्या जागी बसलास. आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत पुढे बंदुका दुरुस्तीचं दुकान, मागे घर आणि मधे तो तागाच्या पोत्याचा पडदा, जो भाभींनी पुढे बरा कापडाचा केला. तुला चिडवायला मी मिस्त्री म्हणू लागलो, उट्टं काढायला तू मला मास्तर. पुढे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही की ही चेष्टा होती.

आबा गेले आणि त्यांची रायफल माझ्या नावावर झाली. माझे वडील मोठे नेमबाज. मी हा असा, चष्मा काढला तर दहा पावलांवरचा माणूस की म्हैस ओळखू न येणारा. पण रानडुकरांना त्याचं काय? आबा गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं की काय कोण जाणे, उसात आणि मक्यात ती कळपाने उतरायला लागली. तूच मग कुठल्याशा फौजी साहेबाकडची दुर्बीण मिळवून आणलीस. नोकरी संपवून तो गावी निघाला होता, त्याला ती ओझं झाली होती. रायफलवर बसवून माझ्या हातात देताना म्हणालास, "दोन डोळे वरच्याने दिलेले, दोन चष्मेवाल्याने. हा पाचवा माझा. यातूनही नाही दिसलं तर मास्तर, तू डुकरांना शाळेतच घाल."

ती दुर्बीण बसवताना मी तुझ्यासमोर बसून होतो. मला वाटलं होतं, चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम. तू अख्खी दुपार खाल्लीस. स्क्रू पेट्रोलमध्ये धुतलेस. ते ज्या भोकांत जाणार ती कापसाची बारीक वात फिरवून फिरवून पुसलीस, वात कोरडी आणि पांढरी बाहेर येईपर्यंत. मग सगळं कागदावर उन्हात ठेवलंस. पेचकस स्क्रूच्या खाचेत गच्च बसत नव्हता, तर स्क्रूला नव्हे, पेचकसाला घासलंस. मी म्हणालो, अरे, स्क्रू आहेत की बाळंतीण? तू मान वर न करता म्हणालास, "गोळी सुटली की धक्का सगळा यांनाच बसतो. आटे तेलकट राहिले तर दर धक्क्याला केसभर फिरतात. केसभर इथे, आणि तिकडे गोळी हातभर बाजूला."

आवळतानाही तुझी तऱ्हा वेगळी. एक थोडा, मग समोरचा थोडा, पुन्हा पहिला. पंगतीत वाढताना सगळ्या पानांवर बघावं तसं. मनगटाचा जोर नाही, फक्त बोटांचा. मग आपण नाल्यात जाऊन काही गोळ्या झाडल्या, तू पुन्हा प्रत्येक स्क्रू तपासलास आणि शेवटी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलीस, स्क्रूच्या डोक्यावरून खाली दुर्बीण धरणाऱ्या कड्यापर्यंत. "रेघ सरळ, तर सगळं सरळ. रेघ मोडलेली दिसली की रायफल खाली ठेव आणि माझ्याकडे ये."

आणि तिथेच आपलं वाजलं. मी म्हणालो, एवढं करण्यापेक्षा आट्यांना लाखेचा थेंब लाव की. रेडिओवाला लावतो, सुटतो का त्याचा स्क्रू? तुझ्या कपाळाला आठी. लाख लावली की माणूस स्क्रूकडे बघायचा बंद होतो, हे तुझं म्हणणं. बघणारा अर्धा आंधळा असेल तर लाखच बरी, हे माझं. तू म्हणायचास, आंधळ्याने बोटाने चाचपावं. मी म्हणायचो, मग बंदूक कशाला, काठीच बरी. वर्षानुवर्षं पुरला हा वाद आपल्याला. चहा संपला, विषय संपले की कुणीतरी लाख काढायचा. भाभी आतून ओरडायच्या, "लागले का पुन्हा लाखेला?"

मग ते वर्ष आलं. तू कधी त्याचा आकडा घेतला नाहीस, मीही नाही. "मंगाच्या वर्षी" एवढंच म्हणायचो.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी डुकरं आली. सकाळची वेळ होती, नुकतं उजाडलेलं. खंडेनवमीची पूजा झालेली, त्यामुळे रायफलीवर झेंडूची पाकळी चिकटलेली आणि आईने लावलेली कुंकवाची बोटं स्क्रूंच्या डोक्यांवर तशीच, तुझी पांढरी रेघ त्याखाली झाकलेली. पूजेचं कुंकू आपल्याकडे पुसत नाहीत, ते आपलं आपण झडतं. आबांच्या हत्याराची पूजा हे आईचं वर्षातलं सर्वांत मोठं काम. त्या दिवशी ती रायफल मांडीवर घेऊन बसायची आणि काय काय बोलायची तिच्याशी, मी कधी जवळ जाऊन ऐकलं नाही.

पहिली गोळी डुकराच्या पोटाखालच्या मातीत गेली. मला वाटलं, माझाच हात हलला. दुसरी त्याच्या मागच्या पायात बसली आणि ते तसंच उसात घुसलं. मंगा पलीकडच्या बाजूने डबा वाजवत येत होता. आबांच्या वेळेपासून आमच्या शेतावर असलेला मंगा, आबांनी ज्याला चालायला शिकवलं तो. मी ओरडलो, पण डब्याच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? डुकराने त्याची मांडी उभी फाडली. त्याला बैलगाडीत घातल्यावर मी रायफल उचलली आणि दुर्बिणीला हात लागला, तर पडायला आलेल्या दातासारखी ती हलत होती.

मंगा वाचला. पाय जन्माचा वाकडा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी रायफल घेऊन तुझ्या दुकानात आलो. झालं ते सांगितलं. तू ऐकलंस, रायफल घेऊन पडद्यामागे गेलास आणि बऱ्याच वेळाने बाहेर आलास. तळहातावर चारही स्क्रू, स्वच्छ, कोरडे. दुकानात गिऱ्हाईक होतं, समोरचे मोटारीच्या सुट्या भागांचे व्यापारी बन्सीशेठ नेहमीप्रमाणे पेपर वाचायला येऊन बसले होते. त्या सगळ्यांदेखत तू म्हणालास, "चूक माझी आहे, मास्तर. मागच्या वेळी तपासायला आणलीस तेव्हा दोन स्क्रू आवळायचे राहिले."

मी तुला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून कळत नाही. पण बन्सीशेठ बोलले, तुला नाही, अख्ख्या बाजाराला. मनाने वाईट नाहीत ते, पण पोटात काही राहत नाही त्यांच्या. साक्रीहून, शिरपूरहून, पार सातपुड्याच्या पायथ्यापासून लोक दुर्बिणी बसवायला तुझ्याकडे यायचे. गल्लीच्या तोंडाशीच शेठ त्यांना सांगायचे, भाऊ, बंदूक हमीदकडे द्या, पण दुर्बीण जळगावला न्या, इथे स्क्रू सुटतात. त्यांना ते उपकार वाटत होते. हळूहळू दुर्बिणी यायच्या बंद झाल्या, मग बंदुकाही. पुढे शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा तुझ्याकडे बंद करायला फारसं काही उरलंच नव्हतं. तू स्टोव्ह दुरुस्त करायला लागलास, कुलपं, शेतावरचे पंप. एकदा मी आलो तेव्हा तू एका बाईच्या स्टोव्हची पिन साफ करत होतास, तीच वात फिरवून फिरवून, तसंच मन लावून. मी बाहेर पडून पानाच्या टपरीशी उभा राहिलो आणि डोळे पुसून परत आलो. तू म्हणालास, "पान खाऊन आलास आणि तोंड लाल नाही?"

लाखेचा वाद मात्र मी सोडला नाही. मला वाटायचं, तो चालू ठेवला तर आपलं जुनंही काहीतरी चालू राहील. पण तू आता हरायला लागला होतास. "हो रे बाबा, लाख लावायलाच हवी होती," म्हणून मोकळा व्हायचास. ज्याने शाळेत भूगोलाच्या सरांशी नकाशावरून हुज्जत घातली तो हमीद हसून हरत होता! माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मास्तरांना सगळं कळतं, फक्त समोर बसलेल्याच्या मनातलं सोडून.

आता भाभींचं सांगतो. रविवारी मी गेलो, त्यांचे इद्दतचे, नवऱ्यामागे परपुरुषासमोर न येण्याचे दिवस चालू आहेत म्हणून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलो, त्या पडद्यामागे. इकडचं तिकडचं झालं. तू कसा गेलास ते त्यांनी पुन्हा सांगितलं, कामावर बसल्या बसल्या छातीला हात लावलास आणि पाणी मागितलंस. मला वाटलं उठावं आता.

"भाईसाब," त्या म्हणाल्या, "ते होते तोवर त्यांनी माझी जीभ बांधली होती. आता मी बोलते. तो स्क्रू त्यांनी आवळला होता."

मला आधी कळेचना कुठला स्क्रू.

"मंगाच्या वर्षी तुम्ही रायफल घेऊन आला ना, ती घेऊन ते चुलीपाशी आले. स्क्रू काढला आणि वास घेतला. मग माझ्या नाकाशी धरला. तिळाचं तेल होतं, भाईसाब. आट्यांमध्ये हळद बसलेली, पिवळी. चारही स्क्रूंचं तेच. मी म्हटलं, मायने पूजेला तेल ओतलं, तेच मुरलं आत. जा, सांगा मास्तरला. तर मला म्हणाले, गप. वाटीत पेट्रोल दे. माझ्यासमोर धुतले ते, हळद निघेपर्यंत. म्हणाले, ती बाई नवऱ्याच्या बंदुकीची पूजा करते. तिला जाऊन सांगू, तुझ्या पूजेनं मंगाचा पाय गेला? आणि सांगणार कोण, मी? हळदीला नाव ठेवायचं ते मी?"

पडद्यामागे त्या रडत होत्या आणि पडद्याबाहेर मी.

हमीद, तुला कुणी सांगितलं होतं रे हे? कुणी विचारलं होतं? तू आईला वाचवलंस, मान्य. तिच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली होतीस, तिला माझ्याआधी "माय" म्हणून हाक मारायचास, मान्य. पण तुझ्या हातात जे होतं ते सगळ्या खानदेशात कुणाच्या हातात नव्हतं, आणि ते तू एका दुपारी पेट्रोलच्या वाटीत बुडवून टाकलंस. मला निदान एकट्याला सांगायचं होतंस. मी आईला कळू दिलं नसतं. लोकांना सांगितलं असतं, दुर्बीणच खराब निघाली, माझ्या हातून पडली, काय वाट्टेल ते. खोटं बोलायचंच होतं तर दोघं मिळून बोललो असतो! एवढी वर्षं मी तुझ्यासमोर बसून तुझा चहा पीत तुलाच लाखेवरून टोचत होतो आणि तू हसत होतास. लाख असती तर कदाचित ते तेल आत मुरलंही नसतं. म्हणजे वाद मी जिंकलो म्हण. घे, जिंकलो. काय करू त्याचं?

आणि हे लिहिता लिहिता दुसरंच वाटतं. माझ्या आईला रोज रात्री झोप लागली ती तुझ्यामुळे. दर खंडेनवमीला तिने निर्धास्त मनाने पूजा केली ती तुझ्यामुळे. सख्ख्या मुलाला इतकं जमलं नसतं. याचे आभार मानायची रीत मला माहीत नाही. रागवायची माहीत आहे, म्हणून रागावतो आहे.

आईला सांगायचं नाही असं मी त्या रविवारी परतताना एसटीतच ठरवलं होतं. तू एवढी किंमत मोजलीस, ती मी वाया कशी घालवू? पण दुसरीकडे तुझं नाव. अजूनही गल्लीत तू म्हणजे स्क्रू सैल सोडणारा मिस्त्री. माणूस जातो, नाव राहतं, ते असं राहू द्यायचं? दोन्हीकडून माझा जीव कासावीस. ताटावर बसायचो आणि उठायचो. आईची नजर आता अधू झाली आहे, पण असल्या गोष्टी तिला दिसतात.

"काय व्हयनं रे तुले?" तिने एका संध्याकाळी विचारलं. "हमीद गया तधपासून जेवस नही. दुःख येगळं आनि हाई येगळं शे."

मी सांगून टाकलं. ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, आता ही कोसळणार. तुलाही तेच वाटलं होतं ना? ती उठली, काठी घेतली आणि मंगाच्या झोपडीकडे चालू लागली. मी मागून गेलो. त्याच्यासमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं. मंगाने ऐकून घेतलं आणि वाकडा पाय चोळत म्हणाला, "माय, तेल कोनी टाकं ते डुक्करले काय म्हाईत?"

परत येताना वाटेत ती थांबली. "त्यानी माले कसाले नही सांगं? मी काय लहान पोर शे?" तिच्या आवाजात राग होता. माझ्यासारखाच. "सकायले माले धुयाले लई चाल."

आम्ही काल धुळ्याला, तुझ्या घरी आलो. ओट्यावर माणसं होती, अजून येतात भेटायला. खुर्च्या मांडलेल्या, तुझा धाकटा भाऊ सगळ्यांना पाणी देत होता, बन्सीशेठ डोक्यावर रुमाल बांधून कडेला बसले होते. आई सरळ आत गेली, पडद्यामागे. मला बाहेरून काही ऐकू आलं नाही, फक्त भाभींचं एकदा मोठ्याने रडणं आणि मग आईची कुजबूज, कितीतरी वेळ. नंतर पडदा हलला आणि ती बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिली. चार परक्या पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर न सावरता ती कधी बोललेली नाही. काल पदर खांद्यावर आला होता आणि तिचं लक्षही नव्हतं.

"भाऊसहोन, बठ्ठा आयका," ती म्हणाली. "मना मालकनी बंदुक व्हती. खंडेनवमीले तिले तेल मी चोपडं. स्क्रू त्या तेलघाई ढिला पडनात. हमीदना हात त्यामा नही. त्याले हाई म्हाईत व्हतं आनि तो मनाकरता गप राह्यना."

तुझा भाऊ हातात तांब्या धरून तसाच उभा होता. शेवटी बन्सीशेठ म्हणाले, हलक्या आवाजात, तिला बरं वाटावं म्हणूनच, "जाऊ द्या माय. झालं ते गेलं. आता माणूसच राहिला नाही."

"गयं कोठे?" आई त्यांच्याकडे वळली. "त्याना नाववर शे ना आजून. आधी ते काढा."

शेठ खुर्चीचा आधार घेत उठले, डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काढलं, माय. माझ्या तोंडून लागलं होतं, माझ्याच तोंडून काढलं."

हमीद, तू असतास तर तिला ओट्यावर येऊच दिलं नसतंस.